तिंदा मॉड्यूल, नोंद चौथी: बर्फ बसला, इमारत मात्र उचलावी लागली

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पावसाळ्याच्या आत रंगकाम उरकेल. पाऊस आला, डोंबिवलीत दोनदा पाणीही साचलं, आणि मॉड्यूल आता मागच्या वेळेपेक्षा जास्त उघडंबोडकं दिसतंय. पण काम मागे गेलंय असं मला वाटत नाही. का ते सांगतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मॉड्यूल म्हणजे रेल्वेच्या छोट्या मॉडेलचा एक तुकडा. 122 बाय 45 सेंटीमीटरचा प्लाय, प्रमाण 1:120, विषय तिंदा. रशियाच्या अमूर प्रांतातलं हे गाव बैकाल-अमूर मार्गाची, म्हणजे ‘बाम’ची, राजधानी म्हणवलं जातं. ट्रान्स-सैबेरियनच्या उत्तरेने, तैशेतपासून थेट पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत जाणारा सुमारे 4,300 किलोमीटरचा हा मार्ग. तिंदा त्यावरचं मोठं जंक्शन. दक्षिणेला सुमारे 180 किलोमीटरवर ट्रान्स-सैबेरियनवरचं बामोव्स्काया, उत्तरेला स्तानोवोय डोंगररांग ओलांडून बेर्काकित आणि पुढे याकूतिया. मॉस्कोहून गाडीने निघालात तर पाच दिवसांहून जास्त.

परवा एका मित्राने विचारलं, “उत्तर ध्रुवाजवळ का?” नाही हो. तिंदा 55 अंश अक्षांशावर आहे, मॉस्कोही तिथेच. फरक समुद्रापासूनच्या अंतराचा. हिवाळ्यात सैबेरियावर थंड, जड हवा ठाण मांडते आणि डोंगरांमधल्या खोलगट भागात साचून राहते. वारा जवळजवळ नसतो. मी बॉयलर-हाउसच्या धुराड्यातून कापसाचा धूर एका बाजूला वाकवून चिकटवला होता, तो काढला. उणे चाळीसला पडलेल्या हवेत धूर काठीसारखा सरळ वर जातो.

वर्ष कोणतं?

दोन महिने मी या एका प्रश्नावर अडून होतो. आपल्यापैकी बहुतेकजण आधी इंजिन आवडतं म्हणून घेतो आणि मग त्याला शोभेल असं वर्ष निवडतो. तिंदाच्या बाबतीत ते जमत नाही, कारण तिथे रूळ एकदाच आले नाहीत.

बामोव्स्काया ते तिंदा हा फाटा पहिल्यांदा 1933 ते 1937 या काळात घातला गेला. घालणारे होते बामलागचे कैदी. या छावणीजाळ्याचं मुख्यालय स्वोबोद्नी नावाच्या गावात होतं, आणि ‘स्वोबोद्नी’चा अर्थ मोकळा, स्वतंत्र. हे वाचून मी वही मिटून चहा करायला उठलो होतो.

मग दुसरं महायुद्ध. 1942 मध्ये स्टालिनग्राडच्या आघाडीसाठी व्होल्गाच्या काठाने घाईघाईने मार्ग टाकायचा होता आणि पोलाद नव्हतं. म्हणून तिंदाच्या फाट्याचे रूळ उखडले, पुलांचे गर्डर काढले आणि ते हजारो किलोमीटर पश्चिमेला नेऊन व्होल्गाच्या मार्गात वापरले. मागे उरला भराव. तिंदा पुन्हा रस्त्यावरचं गाव झालं. तसं ते आधीपासून होतंच; 1917 साली तिथे मुक्कामाचं एक ठिकाण होतं, आणि पुढे याकूतियाकडे जाणारा रस्ता झाला तसं ते वाढलं.

पुढे तीस वर्षं काहीच नाही. 1972 मध्ये बामोव्स्कायाकडून पुन्हा काम सुरू झालं, आणि 9 मे 1975 रोजी, महायुद्धातल्या विजयदिनाच्या तिसाव्या वर्धापनदिनी, पहिली गाडी तिंदात आली. त्याच वर्षी गावाला शहराचा दर्जा मिळाला. तोवर 1974 मध्ये सोव्हिएत नेते ब्रेझनेव्हने बामची घोषणा केली होती आणि देशभरातून कोम्सोमोलची, म्हणजे कम्युनिस्ट युवक संघटनेची, तरुण मुलंमुली तिकडे निघाली होती. दोन्ही बाजूंनी येणारे रूळ 1984 च्या शरदात जोडले गेले.

माझा पहिला बेत 1975 चा होता: पहिली गाडी, झेंडे, गर्दी. 1:120 मध्ये दीडशे माणसं रंगवायचा विचार केला आणि बेत गुंडाळला. (हौशी माणसाची ऐतिहासिक दृष्टी बऱ्याचदा अशी ठरते.) आता नक्की केलंय: 1980 च्या दशकाची अखेर, जानेवारी महिना. शहर तेव्हा भरलेलं होतं. 1989 च्या जनगणनेत लोकवस्ती जवळजवळ 62 हजार होती. 2010 मध्ये ती 36 हजारांवर आली आणि आता तीस हजारही नाही. मॉस्कोने तिंदाचं पालकत्व घेतलं होतं, म्हणून मुख्य रस्त्याचं नाव क्रास्नाया प्रेस्न्या, तेही मॉस्कोच्या एका भागावरून. पांढरं स्टेशन, त्यावर दोन उंच मनोरे.

आणि डाव्या कोपऱ्यात, 20 सेंटीमीटरच्या पट्ट्यात, रूळ नसलेला एक भराव. खऱ्या तिंदात तो स्टेशनाला इतका खेटून नाही, मॉडेलच्या सोयीसाठी मी शेजारी ओढून आणलाय. त्याशिवाय हे मॉड्यूल पूर्ण होणार नव्हतं.

रूळ

रशियन गेज 1520 मिलिमीटर. त्याला 120 ने भागलं की 12.67. बाजारात मिळणारा टीटी (म्हणजे 1:120 प्रमाणाचा) ट्रॅक 12 मिलिमीटरचा, म्हणजे पश्चिम युरोपचा. अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त फरक. ‘कोणाला दिसणार?’ असं म्हणून मी महिनाभर स्वतःला समजावलं. मग रशियन इंजिनाचा समोरचा फोटो शेजारी ठेवला आणि दिसलं. ते इंजिन ऐसपैस पाय रोवून उभं असतं, 12 वर ठेवलं की बुजल्यासारखं दिसतं. (आपलं ब्रॉडगेज या प्रमाणात जवळजवळ 14 भरेल. ते पुढच्या जन्मी.)

मॉड्यूल स्थिरच आहे, गाडी धावायची नाही, म्हणून रूळ हाताने टाकायचं ठरवलं. सोव्हिएत लाकडी स्लीपर 2.75 मीटर लांब, म्हणजे 23 मिलिमीटर. किलोमीटरला 1,840 स्लीपर हे तिकडचं प्रमाण. माझी फळी खऱ्या जगात 146 मीटर, म्हणजे एका मार्गाला 269, दोन मार्गांना 538. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या उभ्या चिरल्या. एका काडीत बारा स्लीपर बसतात. चिरताना अंगठा एकदाच कापला. आजवर 269 लागले, दुसरा मार्ग रिकामा आहे.

गाडीचं सांगायचं तर मोठी मालगाडी इथे मावणारच नाही. कोळशाची एक उघडी वाघीण सुमारे 14 मीटरची, मॉडेलमध्ये 11.6 सेंटीमीटर. म्हणजे फळीवर दहा, आणि त्यात इंजिन धरलेलं नाही. लुहान्स्कचं (त्या काळचं वोरोशिलोवग्राद) तीन खंडांचं 3टीई10एम डिझेल इंजिनच 42 सेंटीमीटर खातं. प्रत्येक खंड 3,000 अश्वशक्तीचा. म्हणून इंजिन आणि सहा वाघिणी, बाकीची गाडी फळीबाहेर आहे असं समजायचं. वाघिणींत नेर्युंग्रीचा कोळसा, जो उत्तरेकडून लहान बामवरून (बेर्काकित–तिंदा–बामोव्स्काया या फाट्यावरून) यायचा आणि पुढे जपानला जायचा. कोळसा म्हणून खराच दगडी कोळसा कुटून चाळला. गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांनी मूठभर फुकट दिला, वर विचारलं, “कशाला हवाय?” मी ‘शाळेचा प्रोजेक्ट’ म्हणालो. माझं वय 47.

बर्फ

इथे खरी फजिती झाली. सगळीकडे लिहिलेलं असतं की खाण्याचा सोडा चाळा, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरवा. मी जूनच्या शेवटच्या आठवड्यात भुरभुरवला. जुलैच्या मध्यात तिंदावर पिवळट खपली धरली होती, उपमा पातेल्याला लागावा तशी. दमट हवेत सोडा आळतो, हे मला आठवीच्या रसायनशास्त्रातच समजायला हवं होतं.

खरवडत बसलो होतो तेव्हा आई खोलीत आली. बघून म्हणाली, “अरे, रांगोळी घे की. ती कुठे विरघळते?”

पांढरी रांगोळी दगडाची पूड असते. ती पाणी धरत नाही, पिवळी पडत नाही, आणि किलोभर घेतली तरी खिशाला जड नाही. पण खरी गंमत पोताची आहे. कडाक्याच्या थंडीतला बर्फ ओला, गोळा होणारा नसतो, कोरडा आणि वाळूसारखा मोकळा असतो. रांगोळी हुबेहूब तशी पडते. आधी पातळ मलमलीतून चाळली, स्लीपरच्या मधे बोटाच्या चिमटीतून सोडली (आईची चिमूट माझ्यापेक्षा बरी, एक बाजू तिची आहे), मग अत्तराच्या रिकाम्या बाटलीतून फेव्हिकॉलचं पाणी फवारलं. एकच खबरदारी: नुसती रांगोळी किंचित करडी दिसते. वरचा शेवटचा थर टाल्कम पावडर एकास चार मिसळून द्या. तीन आठवडे झाले, एकदाही खपली धरली नाही.

झाडं

पहिल्या नोंदीतले हिरवे त्रिकोणी वृक्ष आठवतात? ते गेले. तिकडचं मुख्य झाड लार्च, आणि सूचिपर्णी असूनही ते शरदात सोनेरी होतं आणि पानं गाळतं. जानेवारीत नुसते सांगाडे. नारळाच्या काथ्याचे धागे पिळलेल्या तारेत अडकवले, कात्रीने वर निमुळते केले. हिरवा रंग लागतच नाही, काथ्याचा मूळ रंगच चालतो.

इमारत

आता शीर्षकातली उचल. चार मजली निवासी इमारत मी सनबोर्डाची करून फळीवर सपाट चिकटवली होती. पूर्ण झाल्यावर दोन दिवस बघत बसलो, आणि काहीतरी खटकत राहिलं. तिंदाचे जुने फोटो पुन्हा बाहेर काढून बघितले तेव्हा उलगडा झाला: तिथे जमीन खोलवर कायमची गोठलेली. इमारत थेट तिच्यावर बसवली तर आतली ऊब खाली उतरते, बर्फ वितळतो, पाया खचतो आणि भिंतीला तडे जातात. म्हणून गोठलेल्या थरात खोल खांब रोवतात, इमारत त्यांवर उभी करतात, आणि मधल्या मोकळ्या जागेतून हिवाळ्याची थंड हवा वाहू देतात, म्हणजे जमीन गोठलेलीच राहते. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून जग धडपडतं, इथे ती खाली जाऊ नये म्हणून.

कटर घालून इमारत सोडवली. खालच्या बाजूला सनबोर्डाचा एक थर फाटला, तो आतच असल्याने चालेल.

स्टेशनातलं घड्याळही बदललं. मी बाहेर संध्याकाळचे दिवे लावलेत, सुमारे सात वाजल्याचे. पण त्या काळी सोव्हिएत रेल्वे सगळीकडे मॉस्कोच्या वेळेवर चालायची (2018 मध्ये ते बंद झालं), आणि तिंदा सहा तास पुढे. म्हणून काळोखात उभ्या स्टेशनाच्या आतलं घड्याळ दुपारचा एक दाखवतंय. खिडकीतून वाकून बघितलं तरच दिसतं.

स्टेशनाच्या उजव्या बाजूला वाफेचं एक जुनं इंजिनही ठेवणार आहे. तिंदात स्मारक म्हणून ईए मालिकेचं इंजिन उभं आहे. ते अमेरिकेत बनलेलं, त्या युद्धात मदत म्हणून आलेलं. ज्या युद्धासाठी इथले रूळ गेले, त्याच युद्धासाठी हे इंजिन आलं. म्हणून त्याचं तोंड मी कोपऱ्यातल्या रिकाम्या भरावाकडे करून ठेवणार. दहा जोडचाकं बसवायची आहेत, 1:120 मध्ये. बघू.

सध्या इमारतीचे खांब कापतोय. उंची 12 मिलिमीटर, जाडी 3, एकूण 96 लागतील. काल रात्रीपर्यंत 31 झाले.