चॅट क्लायंटची प्रगती: या खेपेला फक्त डिफॉल्ट

जीटीके ४ (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) वापरून मी एक्सएमपीपी या खुल्या चॅट पद्धतीचं ॲप, म्हणजे क्लायंट, लिहितोय, त्याची सेटिंग्जची खिडकी एकदाची उभी राहिली. सगळे स्विच जागेवर आले आणि मग खरं काम सुरू झालं: पहिल्यांदा ॲप उघडणाऱ्याला यातलं काय चालू असावं, काय बंद? आपल्यासारखी हौशी मंडळी ॲप टाकल्या टाकल्या सेटिंग्ज चाळत बसतात. बाकीचे तिकडे फिरकतही नाहीत, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने डिफॉल्ट म्हणजेच ॲप.

शेवटी एक कसोटी ठरवली. डिफॉल्ट एखाद्याला नको असलेला निघाला, तर तोवर जे झालं ते मागे घेता येतं का? आवाज नकोसा झाला तर बंद करता येतो, बिघडत काही नाही. ‘वाचलं’ अशी खूण मात्र समोर गेली की गेली. म्हणून मशीनच्या बाहेर जे जातं तिथे हात आखडता, जे आतच राहतं तिथे सढळ.

मेसेज पोचल्याची पोचपावती (एक्सईपी-०१८४; कंसातले आकडे एक्सएमपीपीच्या मानकांचे) चालू ठेवली, कारण ती नसेल तर पाठवणारा बिचारा अंधारात राहतो. पण ती फक्त ज्यांना आपली उपस्थिती आधीच दिसते त्यांनाच जाते. अनोळखी माणसाला पावती गेली तर हा आत्ता ऑनलाइन आहे हे त्याला फुकटात कळतं. ‘वाचलं’ (०३३३) बंद. ‘टाइप करत आहे’ (००८५) वर बराच घोळ घातला. दिसायला निरुपद्रवी आहे, पण माणूस लिहितो, थांबतो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि हा सगळा तमाशा समोरच्याला दिसत राहतो. बंद. मानकातही हे पाठवायचं की नाही ते वापरणाऱ्याच्या हातात असावं असंच म्हटलंय.

लिंकच्या प्रीव्ह्यूबद्दल मात्र मनात जराही शंका नव्हती. मेसेज आल्या आल्या आपल्या ॲपने ती लिंक उघडून बघितली, तर आपण क्लिक न करताही त्या सर्व्हरच्या मालकाला आपला आयपी पत्ता आणि मेसेज पोचल्याची वेळ मिळते. संभाषण एन्क्रिप्टेड असून काय उपयोग मग? घेणाऱ्याच्या बाजूने प्रीव्ह्यू बंद. चित्रं आपोआप उतरवणं फक्त संपर्क यादीतल्यांकडून, तेही एक एमबीपर्यंत, बाकीच्यांसाठी बटण.

एन्क्रिप्शन, म्हणजे एक्सएमपीपीतली ओमेमो ही पद्धत, दोघांच्या संभाषणात चालू. प्रत्येक उपकरणाच्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांबाबत कॉन्व्हर्सेशन्स या अँड्रॉइडवरच्या एक्सएमपीपी ॲपची पद्धत जशीच्या तशी उचलली: सुरुवातीला नव्या किल्लीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा, पण एखाद्याची एक किल्ली क्यूआर कोडने पडताळली की त्यापुढे त्याच्या नव्या किल्ल्या आपोआप मान्य करायच्या नाहीत. पहिल्याच मेसेजला किल्ली पडताळायची बोटांच्या ठशासारखी आकड्यांची रांग दाखवली की लोक एन्क्रिप्शनच बंद करून मोकळे होतात.

मेसेजच्या प्रती सगळ्या उपकरणांवर पोचवणं (०२८०) याला स्विचच ठेवला नाही. जे कुणी कधी बंद करणारच नाही, त्याने खिडकीत जागा का अडवावी?

आता खिडकीचं फुलीचं बटण. ‘बंद केल्यावर ट्रेमध्ये (पट्टीवरच्या छोट्या आयकॉनांच्या जागेत) जा’ हा डिफॉल्ट सोयीचा वाटतो, पण लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपने २०१७ मध्ये, ३.२६ आवृत्तीत, जुना ट्रे काढून टाकला. एक्स्टेन्शन नसेल तर खिडकी गायब, आयकॉनही नाही, आणि ॲप मात्र मागे चालूच. म्हणून आधी डी-बसवर (प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ती वाट) स्टेटस नोटिफायर होस्ट, म्हणजे ट्रेचे आयकॉन दाखवणारा कुणी, आहे का ते विचारतो. असेल तर ट्रे, नसेल तर फुली म्हणजे सरळ बंद. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणंही बंदच. सर्व्हरवर संग्रह (०३१३) असला की उशिरा उघडलं तरी मधले मेसेज मिळतात.

एंटर दाबला की पाठव, शिफ्ट-एंटरने नवी ओळ. हे सगळ्यांच्या बोटांत बसलंय, त्याच्याशी भांडण नको. पण लिप्यंतराने देवनागरी लिहिताना एंटर हा सुचवलेला शब्द निवडायलाही वापरतात. कळ आधी आपणच पकडली तर अर्धवट शब्द थेट समोरच्याकडे जातो. म्हणून कळ पहिल्यांदा इनपुट मेथडकडे (लिप्यंतर करणाऱ्या प्रोग्रामकडे) द्यायची. तिने घेतली नाही तरच पाठवायचं. जपानी, चिनी लिहिणाऱ्यांनाही याचीच गरज असते.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हे साठवायचं कसं यात. पहिल्यांदा चालू होताच सगळे डिफॉल्ट फाइलमध्ये लिहून टाकणारी ॲप्स तुम्ही पाहिली असतील. फाइल छान भरलेली दिसते, पण पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट बदलायचा झाला की पंचाईत: फाइलमधलं ‘चालू’ हे माणसाने ठरवलेलं की आपणच लिहिलेलं? कळायला मार्ग नाही. फायरफॉक्सच्या प्रेफ्स फाइलमध्ये फक्त बदललेल्या गोष्टी असतात. मी वापरतो त्या जीसेटिंग्ज या सेटिंग्ज साठवायच्या व्यवस्थेचंही तसंच आहे, डिफॉल्ट स्कीमात (सेटिंग्जच्या वेगळ्या आराखड्यात) राहतो आणि कधीच न लिहिलेल्या सेटिंगचं ‘युजर व्हॅल्यू’ मागितलं तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, मिळतं. एक गंमत अशी की स्विच चालू करून परत बंद केला, तर मूल्य डिफॉल्टइतकंच असूनही ते लिहिलं जातं. मी ते तसंच ठेवलंय. ज्याने हात लावला त्याचं काहीतरी मत आहे असं धरायचं. मत काढून घ्यायचं असेल तर प्रत्येक ओळीशेजारी ‘मूळ स्थिती’चं छोटं बटण आहे, ते लिहिलेलं मूल्य पुसूनच टाकतं.

यातूनच अपडेटचा नियम निघाला. डिफॉल्ट आणखी कडक झाला तर तो सगळ्यांना लागू. सैल झाला तर फक्त नव्याने टाकणाऱ्यांना. जुन्यांकडे अपडेटच्या वेळी आधीचं मूल्य मीच लिहून ठेवणार. काल बंद असलेली गोष्ट आज न विचारता बाहेर जायला लागली, असं व्हायला नको.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे: नोटिफिकेशनमध्ये मजकूर दाखवायचा का? ग्रुपमध्ये नोटिफिकेशन कधी द्यायचं ते ठरलंय. सार्वजनिक खोलीत फक्त आपलं नाव आलं तर, खासगी ग्रुपमध्ये प्रत्येक मेसेजला. मजकुराचं मात्र कसोटीत नीट बसत नाही. मशीनच्या बाहेर काही जात नाही, पण स्क्रीन शेअर चालू असेल तर जातंच. तूर्तास नाव आणि पहिली ओळ ठेवली आहे. स्क्रीन शेअर होतंय हे सगळ्या डेस्कटॉपवर खात्रीने ओळखायची युक्ती कुणाकडे असेल तर सांगा. तोवर ट्रेच्या मेनूत ‘तासभर मजकूर लपवा’ घालतोय.