मिलिंग मशीनचे दात पडले

बडोद्यात दांडिया बाजारातल्या घराच्या मागच्या पडवीत माझं छोटं मिलिंग मशीन असतं, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापायचं यंत्र. गेल्या महिन्यात लोखंडात कटर अडकला, कट्ट आवाज झाला आणि मोटर नुसतीच गरगरत राहिली. हेड (मोटर आणि गिअर असलेला वरचा भाग) उघडलं तर प्लास्टिकच्या गिअरचे चार दात गायब! चूक माझीच, एकाच फेरीत २ मिमी कापायची घाई.

तसा तो गिअर तुटला म्हणूनच मोटर वाचली म्हणायची. पण दर वेळी नवा कुठून आणू? पट्टा लावायचा ठरवला. कटर अडकला तर व्ही-बेल्ट नुसता घसरतो, काही मोडत नाही. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या टर्नरने (लेथ चालवणाऱ्याने) ॲल्युमिनियमच्या दोन पुल्या करून दिल्या. आता आवाज इतका कमी, की शेजारच्या काकूंनी "मशीन विकलं का रे?" असं विचारलं.

दुसरी कटकट टेबलाची, ज्यावर कापायचा तुकडा बसवतात. हँडल उलटं फिरवलं की पहिले ०.३ मिमी टेबल ढिम्म. आतल्या स्क्रूचा नट झिजलाय. तूर्त डिजिटल स्केल लावली, ती टेबलाचं खरं सरकणं मोजते. प्ले (तो ढिलेपणा) मात्र तसाच, त्यामुळे कटर जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, ओढून घेईल अशा दिशेने अजून कापत नाही.

खरा वेळ खाल्ला कॉलमने, म्हणजे हेड धरणाऱ्या उभ्या खांबाने. तो टेबलाशी काटकोनात हवा. स्पिंडलला (कटर धरणाऱ्या फिरत्या दांड्याला) बारीक फरक दाखवणारा डायल लावून टेबलावर २०० मिमीच्या वर्तुळात फिरवला, डावी-उजवीकडे ०.१२ मिमीचा फरक. बोल्ट सैल कर, रबरी हातोडीने टिचकी मार, पुन्हा आवळ. आवळताना परत सरकायचं! रात्री अकराला ०.०२ वर आलं.

"अहो, जेवायला येताय, की त्याच टेबलावर वाढू?"

पुढे-मागचा फरक राहिलाय. त्यासाठी कॉलमखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालावी लागेल. कोल्ड्रिंकचा डबा कापून ठेवलाय.