मारबत, बडगे आणि नववीचा मराठीचा तास

'सर, मी लिहून रायलो,' असं मुलगा म्हणतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला दुरुस्त केलं जातं. पुढच्या वेळी तो हातच वर करत नाही. नागपुरात नववी-दहावीला मराठी शिकवताना तासात बोलणं घरचंच चालू द्यावं आणि प्रमाण भाषेचा आग्रह वहीत धरावा, या मताशी आम्ही ठाम आहोत.

बातमीलेखनासाठी मारबतीसारखा विषय नाही. मारबत म्हणजे गावाची इडापीडा घेऊन जाणारी, बाईच्या रूपातली मोठी पुतळी. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघींची मिरवणूक, सोबत गळ्यात पाट्या अडकवलेले बडगे, म्हणजे चालू त्रासांवर टीका करणारे पुतळे. या पाट्या म्हणजे मुलांच्या ओळखीचं घोषवाक्यलेखनच.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने मोहल्ल्यातला एक त्रास निवडून बडग्याची पाटी लिहायची: तुंबलेली नाली, डास, उघड्यावरचा कचरा. जास्तीत जास्त बारा शब्द, घरच्या बोलीत, शेवटी 'घेऊन जा गे मारबत'. व्यक्तीचं नाव पाटीवर नको हे आधीच बजावा, नाहीतर वर्गातलंच एखादं पोरगं बडग्या होतं. पाट्या वर्गातच लिहून घ्या; घरी दिल्या की मोबाइलवर फिरणारी घोषवाक्यं जशीच्या तशी येतात.

मिरवणुकीनंतरच्या तासाला कोण, काय, कुठे, केव्हा, कसं यांची टिपणं काढायची आणि त्यावरून प्रमाण मराठीत ५०-६० शब्दांची बातमी लिहायची. गर्दीमुळे ज्यांना घरून पाठवत नाहीत, त्यांनी आजी-आजोबांना विचारून टिपणं आणावीत. ती बरेचदा जास्त भरीव असतात.

खरी मेहनत त्यापुढच्या तासाला. पान उभं दुमडून डावीकडे घरचं वाक्य, उजवीकडे पुस्तकी. 'तो जेवण करून रायला' याचं मुलं 'तो जेवण करून राहिला आहे' करतात आणि झालं समजतात. एकच शब्द बदलला, क्रियापदाची रचना तशीच राहिली. 'तो जेवत आहे' इथपर्यंत न्यायचं असेल तर पूर्ण वाक्य फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावं लागतं. 'मले'चं 'मला' लवकर जमतं. 'डोया-डोळा', 'पानी-पाणी' मात्र वेळ खातात, कारण तो फरक कानालाच नसतो. इथे घाई केली की उलटं होतं, मुलं 'मन'चाही 'मण' करतात. म्हणून नियम सांगण्याआधी जोड्या मोठ्याने वाचून घ्या.

हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची अडचण वेगळी. हिंदीत नपुंसकलिंग नाही, आणि 'पुस्तक' तिथे स्त्रीलिंगी, त्यामुळे 'माझी पुस्तक' येतं. त्यांना पाटी आधी हिंदीत लिहू द्या आणि 'तो-ती-ते' लावून नामांचा वेगळा सराव द्या.

तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल आत्मकथनाला चांगला आहे. झूल, शिंगं, चाकं समोर ठेवूनच लिहायला बसवा.

तपासताना पहिल्या खेपेला दोनच प्रकारच्या चुकांवर खूण करा: क्रियापद आणि लिंग. शुद्धलेखन दुसऱ्या खेपेला.