मोनास्तिर, कोर्ट नंबर सात

मंगळवार, 11 नोव्हेंबर 2025, नॉटिंगहॅम

जिंकला! 6-7, 6-4, 7-6. ट्युनिशियातल्या मोनास्तिरला, एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसांच्या टेनिस स्पर्धेत, पहिल्याच फेरीत, कोर्ट नंबर सातवर. ऑफिसात हे कुणाला सांगायचं? जेवणाच्या सुट्टीत फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता आणि घास हातात तसाच राहिला होता. चित्र नाही, आवाज नाही, फक्त आकडे. तिसऱ्या सेटमध्ये 4-5, त्याची सर्व्हिस, 30-40, म्हणजे हा एक पॉइंट गेला की सामनाच गेला. आणि तिथेच आकडे थिजले. त्या थांबलेल्या वेळात तिकडे काय चाललं असेल ते मला आता दिसतं. तो स्वतःच मागच्या जाळीकडे गेला असेल, कोपऱ्यातला चेंडू रॅकेटने उचलला असेल, तीन चेंडू निरखून एक खिशात टाकला असेल. या पातळीवर बॉल बॉय नसतात. मग 40-40. मी टेबलावर हात आपटला, तर समोरच्या बाईने दचकून पाहिलं.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. इथलाच, इंग्लंडच्या मिडलँड्स भागातला मुलगा आहे, चोविशीतला, क्रमवारीत सहाशेच्या थोडा पलीकडे. आपले सामने कुणी असे बघत असेल हे त्याच्या गावीही नसेल.

या विजयाची किंमत क्रमवारीचा एक गुण. खरंच एक. उद्या-परवा आणखी एक सामना जिंकला तर दोन होतील. आठवडाभर सगळे सामने जिंकून चषक उचलणाऱ्याला पंधरा गुण आणि 2,160 डॉलर मिळतात. विम्बल्डनच्या विजेत्याला दोन हजार गुण असतात. पहिल्या फेरीत हरलेल्याच्या हातात दोनशे डॉलरही पडत नाहीत. विमानाचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटच्या तारा हे सगळं ज्याचं त्याने बघायचं, त्यामुळे प्रशिक्षक बरोबर नेणं बहुतेकांना परवडतच नाही. म्हणून ही मुलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या किंवा इजिप्तमधलं शर्म अल शेख अशी ठिकाणं गाठतात. तिथे एकाच आवारात आठवड्यामागून आठवडा स्पर्धा चालूच असतात. एकदा गेलं की तीन-चार आठवडे खेळून परत यायचं. ज्याच्याकडून दुपारी हरलात तोच रात्री जेवणाच्या रांगेत पुढे उभा. आणि वर्षापूर्वी कमावलेले गुण त्याच आठवड्यात गळून पडतात, म्हणजे नुसतं जिथे आहोत तिथे राहायलाही जिंकत राहावं लागतं.

बुधवार, 12 नोव्हेंबर

काकांचा पुण्याहून फोन आला होता. त्यांना कालचा स्कोअर सांगितला. ते मनापासून ऐकतात, पण शेवटी नेहमीचा प्रश्न येतोच, "अगं, पण यातला पुढचा अँडी मरे, विम्बल्डन जिंकणारा, कोण?" मला हा प्रश्न आवडत नाही आणि आज मी त्यांना तसं सांगितलं. "काका, कुणीच झाला नाही तरी मी बघणार." ते म्हणाले, "मग तुला त्यात मिळतं काय?" फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

खरं तर हा नाद काकांमुळेच लागला. 2019 च्या डिसेंबरात मी पुण्याला घरी गेले होते. डेक्कन जिमखान्यावर मुलींची पंचवीस हजार डॉलरची आयटीएफची, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची, स्पर्धा चालू होती आणि काका म्हणाले, चल, तुझ्या विलायतेच्या मुली खेळतायत. अंतिम सामन्यात दोघीही ब्रिटिश होत्या. एक नुकतीच सतरा पूर्ण झालेली एमा रादुकानू, दुसरी लीड्सला जन्मलेली, ऑस्ट्रेलियात वाढलेली नाइक्था बेन्स. एमा जिंकली. पुढे दोन वर्षांच्या आत, 2021 च्या सप्टेंबरात, ती 150 व्या क्रमांकावर असताना पात्रता फेरीपासून सलग दहा सामने एकही सेट न गमावता जिंकली आणि यूएस ओपनची विजेती झाली. तेव्हा काकांनी अख्ख्या सोसायटीला सांगितलं होतं की ही मुलगी आम्ही दहा पावलांवरून पाहिली आहे.

मला मात्र त्या दिवशीची बेन्सही आठवते. जाळीपाशी हात मिळवला, खुर्चीवर बसली, पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली, टॉवेल नीट घडी करून ठेवला, पुन्हा चेन लावली. तिचं काय झालं हे कुणी विचारत नाही. ती खेळत राहिली. 2023 मध्ये माया लम्सडेनबरोबर विम्बल्डनच्या महिला दुहेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. दोघी ब्रिटिश मुलींची जोडी तिथवर पोचायला चाळीस वर्षं लागली होती. पुण्याच्या त्या दुपारी हरलेल्या मुलीची ही गोष्ट मला एमाच्या गोष्टीइतकीच मोठी वाटते.

बिली हॅरिसचंही तेच. आइल ऑफ मॅनवर वाढलेला मुलगा. वडिलांच्या फोर्ड ट्रान्झिट व्हॅनमध्ये मागे गादी, गॅसची शेगडी आणि रॅकेट ताणायचं यंत्र टाकून तो युरोपभर छोट्या स्पर्धा खेळत हिंडला, काही वर्षं. व्हॅनमध्येच झोपायचं, व्हॅनमध्येच शिजवायचं, स्वतःच्या रॅकेट स्वतःच ताणायच्या. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या यंत्राचाच विचार करत होते. रॅकेटची तार तुटली की दुकानात ती बदलून ताणून घ्यायचे पैसे मोजावे लागतात, आणि आठवड्यात दोन-तीन तरी तुटतात. ते यंत्र म्हणजे त्याच्या गणितातली सगळ्यात शहाणपणाची खरेदी असणार. 2024 च्या जूनमध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, तो लंडनच्या क्वीन्स क्लबच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत आणि लगेच पुढच्या आठवड्यात ईस्टबर्नला उपांत्य फेरीत पोचला. त्याच वर्षी क्रमवारीत 101 पर्यंत गेला. शंभराच्या आत एका पायरीने राहिला. वर्तमानपत्रांना त्याची व्हॅन सापडली ती तेव्हा. पण व्हॅन चालत होती ती आधीची सगळी वर्षं. तेव्हा जे चार लोक त्याचे निकाल रोज तपासत असतील, त्यांच्यात मी नव्हते याचं मला आज वाईट वाटतं.

जूनमध्ये इथे सगळंच बदलतं. गवत हिरवं होतं, सरबिटन, इल्कली, नॉटिंगहॅम अशा स्पर्धा लागतात आणि एरवी कुणी न विचारलेली नावं अचानक मथळ्यांत येतात. आमच्या घरापासून ट्रामने युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डला उतरलं की टेनिस सेंटर. 2024 च्या जूनमध्ये तिथल्या चॅलेंजरचा (मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालच्या स्पर्धेचा) अंतिम सामना जेकब फर्नली आणि चार्ल्स ब्रूम असा झाला. दोघेही ब्रिटिश, दोघेही अमेरिकन कॉलेजांत खेळून आलेले. एडिंबराचा फर्नली तेव्हा पाचशेच्या पलीकडे होता. तो जिंकला, काही आठवड्यांनी विम्बल्डनला त्याने जोकोविचकडून एक सेट काढला, आणि वर्ष संपायच्या आत तो पहिल्या शंभरात होता.

विम्बल्डनला 2016 मध्ये मार्कस विलिस होता, 772 वा. वॉरिकच्या क्लबात शिकवणी घेऊन पोट भरणारा माणूस, तो पात्रता फेऱ्या जिंकत थेट सेंटर कोर्टावर फेडररसमोर उभा राहिला. यंदा ऑलिव्हर टार्व्हेट, 733 वा. पहिली फेरी जिंकला, दुसऱ्या फेरीत अल्काराझशी लढला. 99 हजार पाउंड कमावले, पण तो अमेरिकन कॉलेजकडून खेळत असल्याने तिथल्या नियमांमुळे त्यातले बहुतेक त्याला घेता आले नाहीत. लोक त्यावर हळहळले. मला टार्व्हेटबद्दल जे वाटलं ते वेगळं होतं. ज्याच्याशी खेळताना अल्काराझला दोन सेटमध्ये चार-चार गेम द्यावे लागतात, तो मुलगा 733 वा असेल तर ही क्रमवारी किती खोल आहे! जगात कोट्यवधी लोक रॅकेट धरतात. सहाशेवा म्हणजे सुमार असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लफबरोच्या इनडोअर कोर्टाच्या कडेला बसून बघावं. घराजवळ म्हणून मी तिथे जाते. प्रेक्षक दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतके: एखाद्याची आई, दोन प्रशिक्षक, विद्यापीठातली चार मुलं. छतामुळे चेंडूचा आवाज इतका घुमतो की पहिल्या काही मिनिटांत डोकं दुखायला लागतं. सर्व्हिस डोळ्यांना दिसत नाही, फक्त मागच्या पडद्यावर आदळल्याचा धप्प आवाज येतो. बेसलाइनच्या मागे खेळाडू घसरत थांबतो तेव्हा बूट किंचाळतात. गेल्या हिवाळ्यात एक मुलगी टायब्रेकर हरून बाजू बदलताना माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मनगटावरचा पट्टा पिळला तर पाण्याची धार लागली. तिने आईकडे पाहिलं, आईने नुसती मान हलवली, आणि ती परत गेली आणि पुढची सर्व्हिस राखली. टीव्हीवर हे कधी दिसलं नसतं.

काकांना उत्तर द्यायचं तर हे. तिथे कुणीच कुणासाठी खेळत नाही. कॅमेरा नाही, टाळ्या नाहीत, पैसे तर नाहीतच, आणि तरी 4-5, 30-40 ला तो माणूस दुसरी सर्व्हिस जपून न टाकता रेषेवर मारतो. मला ते धाडस बघायचं असतं.

फ्रान्चेस्का जोन्सबद्दल काकांना अजून सांगितलेलं नाही, पुढच्या फोनवर सांगेन. यॉर्कशरची मुलगी. जन्मतःच एका दुर्मिळ आजारामुळे प्रत्येक हाताला तीन बोटं आणि अंगठा, दोन्ही पायांना मिळून सात बोटं. डॉक्टरांनी टेनिस जमणार नाही असं सांगितलं होतं. लहानपणीच बार्सिलोनाला शिकायला गेली. यंदा जुलैमध्ये कॉन्त्रेक्सेव्हिल आणि पालेर्मो अशा दोन स्पर्धा जिंकून ती पहिल्या शंभरात आली. आणि ब्रायटनची सोनय कार्तल, जी 2024 मध्ये 298 वी असताना पात्रता फेरीतून येऊन विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत गेली आणि यंदा चौथ्या. या दोघींना वर्षानुवर्षं छोट्या स्पर्धांच्या निकालांत शोधणाऱ्यांना ही बातमी अचानक आली नाही.

राग येतो तो दोन गोष्टींचा. एक म्हणजे 2019 मध्ये आयटीएफने गुणांची पद्धत बदलली तो काळ. छोट्या स्पर्धांचे गुण मुख्य क्रमवारीतून जवळजवळ काढूनच टाकले आणि शेकडो खेळाडूंचा क्रमांक रातोरात पुसला गेला. ओरडा झाला, ऑगस्टमध्ये बदल मागे घेतला. पण ते सात महिने कुणाच्या तरी बाविसाव्या वर्षातले होते. दुसरी गोष्ट सट्टा. मी ज्या आकड्यांकडे प्रेमाने बघते त्याच आकड्यांवर कुणीतरी पैसे लावून बसलेला असतो. 2018 मध्ये टेनिसच्या स्वतंत्र चौकशी समितीने पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धांचे थेट स्कोअर विकणं बंद करा असं सांगितलं होतं, कारण ज्याची कमाई खर्चालाही पुरत नाही त्याला विकत घेणं सगळ्यात सोपं. आजही सट्ट्यात पैसे गमावलेली माणसं हरलेल्या मुलामुलींच्या सोशल मीडियावरच्या खात्यांवर जे लिहितात ते वाचवत नाही. मी माझ्या त्या मिडलँड्सच्या मुलाच्या फोटोखाली कधीकधी "छान खेळलास" एवढंच लिहिते. त्या चिखलात एक वाक्य तरी स्वच्छ असावं.

गुरुवार, 13 नोव्हेंबर

हरला. 3-6, 4-6, दुसऱ्या मानांकिताकडून. दुसऱ्या सेटमध्ये 4-3 ने पुढे होता आणि ब्रेक पॉइंटही, म्हणजे समोरच्याची सर्व्हिस मोडायची संधीही, होता. तो बसला असता तर चित्र वेगळं असतं. मंगळवारची ती लांबलेली लढत पायांत उतरली असणार. एका दिवसाच्या विश्रांतीने तीन सेटचा शीण जात नाही.

आठवड्याची एकेरीतली कमाई एक गुण. पण दुहेरीत तो अजून आहे, आणि जोडीदार डावखुरा आहे, सर्व्हिस चांगली मारतो. उद्या उपांत्य सामना, आमच्या घड्याळात सकाळी साडेदहाच्या सुमाराला. मीटिंग साडेअकराला सरकवली आहे आणि काकांनाही मेसेज टाकून ठेवलाय, स्कोअर कुठे बघायचा ते.