दख्खनचा आदिमानव ढ होता का?

तुम्ही विचारलंत म्हणून. मद्रासकडच्या हातकुऱ्हाडी (मुठीत धरायची आदिमानवाची दगडी हत्यारं) रेखीव आणि आमच्या प्रवरेकाठच्या ओबडधोबड, म्हणजे आपल्याकडचा माणूस मागे होता का? शाळकरी पोरांपासून साडूपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय.

नव्हता. मद्रासजवळच्या अत्तिरमपक्कमच्या माणसाला क्वार्टझाइटचे, म्हणजे कठीण गारेच्या दगडाचे गोटे मिळाले. कर्नाटकात इसामपूरला तर शहाबादी फरशीच्या घराण्यातला चुनखडक, आयत्या पाट्या. कडा ठोकल्या की अर्धं काम झालं. सुमारे १२ लाख वर्षांपूर्वी लोक तिथं खाणीवरच बसून हत्यारं घडवत. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकीला मात्र घट्ट बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, आणि डाइकचा (भेगेत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतीचा) दगड. आधी शिळेतून मोठी कपची उडवा, मग तिला आकार द्या.

विद्यार्थी असताना त्याच खोऱ्यात सर्वेक्षणाला गेलो होतो. संध्याकाळी सगळ्यांनी पिशव्या ताडपत्रीवर ओतल्या. माझ्या पिशवीत लाल जास्पर, मधाच्या रंगाची कॅल्सेडनी, सगळं चकचकीत. काळा दगड एकही नाही. सर काही बोलले नाहीत. मी दुपारी जिथं जेवलो होतो, त्या उतारावर मला घेऊन गेले आणि ज्या दगडावर मी डबा टेकवला होता, तो त्यांनी उलटा केला. वरून राखाडी-पिवळी साल, कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या. मातीत दबलेल्या बाजूला मात्र कपच्या उडवल्याचे, एकमेकांना छेदणारे तीन खोलगट वण. हातकुऱ्हाड.

"बेसाल्ट सडतो रे. एवढी वर्षं उन्हापावसात पडलास तर तूही ओबडधोबडच दिसशील."

बाकीचे हसले. मी त्या दिवशी असे किती दगड पायानं ढकलले होते, कोण जाणे.

त्यानंतर कित्येक वर्षं मी व्याख्यानांत ठणकावून सांगत आलो की सगळं दगडच ठरवतो. आता ते पुरतं पटत नाही. नेवाशालाच बघा ना. खालच्या गाळात बेसाल्टची मोठी हत्यारं, वरच्या थरांत चर्ट-जास्परची, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडांची छोटी. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी हे १९५० च्या दशकातच दाखवलं. पण कॅल्सेडनी-जास्पर बेसाल्टच्या पोकळ्यांमध्येच तयार होतात, म्हणजे आधीच्या माणसाच्याही पायाखाली होतेच की! मूठभर गारगोटीतून हातकुऱ्हाड निघत नाही, मान्य. पण मग हातकुऱ्हाडच नकोशी का झाली? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि साडूला हे सांगायची माझी तयारी नाही.

ती हातकुऱ्हाड आजही खोक्यात आहे. चिठ्ठीवर 'कोणाला सापडली' या रकान्यात सरांनी माझं नाव लिहिलंय. ते खोडायचं अजून राहिलंय.