युद्धाच्या छायेत रॉक: बॅटरीवरचं रेकॉर्डिंग
तळघरात ट्यूब अँप (काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) नेऊच नका. वाजत नसतानाही तो वीज खातो. गिटार थेट यूएसबीवर चालणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीला, जोडा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. हाताशी उरतात ६०० वॉट-अवर; इन्व्हर्टरची गळती धरूनही ६० वॉटचा सरंजाम आठेक तास चालतो.

गिटारमधली भुणभुण बहुतेकदा स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींची. टेकपुरता, म्हणजे एकेक रेकॉर्डिंग होईपर्यंत, इन्व्हर्टर बंद करा, लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालवा. तरीही सिंगल-कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारा, एकाच वेटोळ्याचा भाग) गुणगुणलाच, तर गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू वळा. एका कोनात गुणगुण जवळजवळ विरते.

आणि कळकळीने सांगतो, सगळ्यांनी एकदम हेडफोन लावू नका. हल्ल्याचा इशारा देणारा भोंगा ऐकायला एकाचे तरी कान मोकळे हवेतच.