सव्वीस कोटींचं कोष्टक

काकांनी कोष्टक घरूनच करून आणलं होतं. रंगीत प्रिंट, वर ठळक अक्षरांत ‘आमची नेटवर्थ’, आणि सगळ्यात खाली, वय ८५ च्या ओळीत, २६ कोटी ३६ लाख. दादरला रानडे रोडच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या छोट्याशा ऑफिसात निवृत्तीचं नियोजन करायला येणारे बहुतेक जण बँकेची पासबुकं आणि घाबरलेला चेहरा घेऊन येतात. काका मात्र चांगलेच खुशीत होते. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. खासगी कंपनीतली नोकरी, मार्चमध्ये अठ्ठावन्न पूर्ण होऊन रिटायर. सोबत काकू. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी.

“फक्त तपासून द्या मॅडम. बाकी सगळं झालंय,” काका म्हणाले.

मी यादी वाचली. मुलुंडचा फ्लॅट १ कोटी ८० लाख. लालबागची पागडीची खोली ५० लाख. पीएफ ४६, ग्रॅच्युइटी १२, मुदत ठेवी १८, एलआयसी १५, सोनं ९. बेरीज ३ कोटी ३० लाख, बिनचूक. पुढे ही सगळी रक्कम दरसाल आठ टक्क्यांनी सत्तावीस वर्षं वाढवलेली. आठ टक्क्यांनी सत्तावीस वर्षांत पैसे आठपट होतात, त्यामुळे सव्वीस कोटीही बरोबरच. गुणाकारात काही खोट नव्हती. पण खर्चाचा रकाना कुठेच नव्हता.

“तो व्याजात भागेल ना,” काका म्हणाले. म्हणजे व्याज खायचंही आणि तेच व्याज मुद्दलात घालून वाढवायचंही. असं पाहिलं की मला हसू येत नाही, कारण चांगले शिकलेले लोकही हेच करतात.

नेटवर्थ म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरतं ते, पण देण्यांचा रकानाही नव्हता. गृहकर्ज फिटलंय, हे त्यांनी दोनदा सांगितलं. “मुलाच्या शिक्षणाचं काही?” असं विचारल्यावर काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. चौदा लाख बाकी होते, सहकर्जदार काका. मुलगा पुण्यात नोकरीला आहे, हप्ता तोच भरतो. ठीक, पण त्याची नोकरी गेली तर बँकेचा फोन मुलुंडलाच येणार. ते चौदा लाख मी कोष्टकाशेजारी लाल पेनाने लिहून ठेवले.

मग एकेक ओळ घेतली. एलआयसीपुढे त्यांनी पॉलिसीची विमा रक्कम लिहिली होती. ती मुदत संपल्यावर किंवा माणूस गेल्यावर मिळते. आज पॉलिसी मोडली तर हातात येणार होते सात लाखांच्या आसपास. सोन्यात काकूंच्या पाटल्या आणि सुनेसाठी ठेवलेला हार. तो विकायचा विषय मी काढलाच नाही, काढला असता तर मीटिंग तिथेच संपली असती. लालबागच्या खोलीची भाडेपावती अजून वडिलांच्या नावावर, वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, वारस तीन भाऊ, आणि खोलीत राहतो धाकट्याचा मुलगा. पागडीत आपण मालक नसतो, भाडेकरू असतो. हक्क कुणाला द्यायचा तर घरमालकाची संमती लागते आणि तो आपला हिस्सा घेतो. इमारत पुनर्विकासात गेली तर कुणाला तरी घर मिळेल, पण ते काकांना मिळेल असं धरून म्हातारपण आखता येत नाही. ही ओळ खोडताना काका पहिल्यांदा गप्प झाले.

उरले पीएफ, ग्रॅच्युइटी, ठेवी आणि एलआयसीचे सात. त्र्याऐंशी लाख.

पेन्शनचाही त्यांचा अंदाज फार वरचा होता. पीएफच्या पेन्शनमध्ये आपला पगार कितीही असो, हिशेबाला धरतात तो जास्तीत जास्त १५,००० रुपये, तोही सप्टेंबर २०१४ पासून. त्याआधी ही मर्यादा ६,५०० होती. याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. पूर्ण पगारावर वाढीव पेन्शन घ्यायचा पर्याय काकांनी दिला नव्हता. महिन्याला पाच हजारांच्या आतबाहेर येतील, आणि महागाई कितीही वाढली तरी ते तेवढेच राहतील. यात महागाई भत्ता नसतो.

“खर्च किती तुमचा?”

“चाळीस हजार,” काका.

“बावन्न,” काकू. मग त्यांनी पिशवी उघडली.

आत जुनी कालनिर्णयं होती. सुतळीने बांधलेला गठ्ठा, कडा तेलकट झालेल्या. तारखेच्या चौकोनात दुधाचा आकडा, दूध नसेल त्या दिवशी फुली, सिलिंडर लावला की ‘गॅस’. पानाच्या कडेला किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल, आहेर, डॉक्टर. महिन्याच्या शेवटी बेरीज, पेन्सिलीने. मेडिक्लेम आणि गणपतीचा खर्च वर्षातून एकदाच येतो म्हणून त्याचे बारा भाग करून प्रत्येक महिन्यात घातलेले. माझ्याकडे येणाऱ्या सुशिक्षित मंडळींपैकी फार थोडे एवढं करतात. २०१३ ची महिन्याची सरासरी निघाली साडेचोवीस हजार. २०२५ ची बावन्न. बारा वर्षांत दुपटीहून थोडं जास्त, म्हणजे दरसाल साडेसहा टक्क्यांच्या घरात. सरकारचा महागाईचा आकडा काहीही असो, मुलुंडच्या या घराची महागाई ही होती, आणि ती त्या घराच्या बाईच्या अक्षरात होती.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. हाती त्र्याऐंशी लाख, कर जाऊन परतावा सात टक्के, खर्चाची वाढ साडेसहा. पहिली दोनेक वर्षं शिल्लक जवळपास जागची हलत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. मग उतार लागतो. वय बहात्तरची ओळ लाल झाली, म्हणजे तिथे पैसे संपले.

काकांचं लक्ष त्या लाल ओळीपेक्षा शेजारच्या रकान्यावर गेलं. बहात्तराव्या वर्षी महिन्याचा खर्च सव्वा लाख. “आम्ही दोघं म्हातारे महिन्याला सव्वा लाख खाणार? काय सोनं खाणार का?”

काकूंनी २०१३ चं कालनिर्णय त्यांच्यासमोर उघडं ठेवलं. “तेव्हा तुम्हाला कुणी बावन्न हजार सांगितलं असतं तर हेच म्हणाला असतात.”

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मग सात टक्के कमी धरलेत, आठ धरा, असं सुरू झालं. धरू, म्हटलं, पण आधी सगळं मांडू. “काकू, तुमच्या नावावर काही?”

“पोस्टात पीपीएफ आहे माझं. शिकवण्यांच्या पैशांचं.”

“अगं, ते तुझं वेगळं,” काका म्हणाले. कोष्टकाच्या मथळ्यात मात्र ‘आमची’ लिहिलं होतं. खात्यात सतरा लाख होते. ते घातले तर लाल ओळ पंचाहत्तरवर गेली. त्यावर काकांचे आठ टक्के धरले तर सत्त्याहत्तर. एवढंच. एक टक्का जादा मिळवायच्या नादात लोक कसल्या कसल्या योजनांत पैसे अडकवतात, आणि त्यातून मिळतात फार तर दोन वर्षं.

राहिला फ्लॅट. तीन कोटी तीसमधले एक कोटी ऐंशी लाख त्या भिंतींत आहेत आणि त्यातून महिन्याला एक रुपया येत नाही, उलट मेंटेनन्स जातो. साठीनंतर रिव्हर्स मॉर्टगेजची सोय आहे. घरात राहायचं आणि बँकेकडून दरमहा पैसे घ्यायचे. पण ते कर्जच, आणि मागे राहणाऱ्या वारसाला ते फेडावं किंवा घर सोडावं लागतं. काकांना ते नकोच होतं. मी दुसरी मांडणी केली. पासष्टाव्या वर्षी हा फ्लॅट विकून आजच्या भावाने एक कोटी दहाचा घ्यायचा. घराची किंमत दरसाल पाच टक्केच वाढेल असं धरून, मुद्रांक शुल्क, दलाली वगैरे जाऊन हातात अठ्ठ्याऐंशी लाख येतात. लाल ओळ पंच्याऐंशीवर गेली.

“डोंबिवलीला माझी बहीण आहे,” काकू लगेच म्हणाल्या. त्यांनी हा विचार आधीच केला असावा.

“मुलुंड सोडून?” काका.

पुढचा बराच वेळ त्यांचं आपसात चाललं. स्टेशन किती लांब, हॉस्पिटल कुठलं, नाट्यगृह. मी चहा मागवला. या भांडणात सल्लागाराने पडू नये. पण एक सांगितलं, की ठरवायचं ते पासष्टीला ठरवा. बहात्तराव्या वर्षी गरज पडून घर विकणाऱ्याला गिऱ्हाईक बरोबर ओळखतं.

तातडीचं काम वेगळंच होतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ च्या एप्रिलपासून तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज ८.२ टक्के, तीस लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. वयाची अट साठ, पण पंचावन्ननंतर निवृत्त झालेल्याला निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. ते तीन महिने हुकले की साठीपर्यंत थांबा. काकांना ही तारीख ठाऊकच नव्हती. दहा वर्षांनंतर लागणाऱ्या पैशातला काही भाग इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात ठेवू, असंही ठरलं. त्यावर काकूंनी तीन प्रश्न विचारले, काकांनी एकही नाही.

निघताना काकांनी आपली रंगीत प्रिंट उचलली, घडी घातली आणि खिशात ठेवली. एप्रिलमध्ये पीएफची रक्कम जमा झाल्यावर दोघं परत आले, पोस्टाचा फॉर्म भरायला. कंपनीने त्यांना आठवड्यातून तीन दिवस कंत्राटावर बोलावलं होतं आणि काकांनी होकार दिला होता. नवं कोष्टक काकूंनी वहीत हाताने उतरवून आणलं होतं. त्यात देण्यांचा रकाना सर्वांत आधी होता, चौदा लाखांचे तेरा लाख साठ हजार झालेले, आणि लालबागच्या ओळीपुढे फक्त एवढंच लिहिलं होतं, ‘पावती भाऊजींशी बोलणे’.